नाताळच्या ऑर्डरी आत्ता द्या आणि बिलं नाताळच्या आधी चुकवा

प्रति,
कंपन्या, बँका, शाळा, रुग्णालयं आणि संस्थांमध्ये नाताळच्या भेटवस्तूंची खरेदी ठरवणाऱ्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

छोट्या व्यावसायिकांना साथ द्या, असं आवाहन दर नाताळात होतं. ते बहुतेक वेळा घरच्या गिऱ्हाइकाला उद्देशून असतं: मुलांसाठी खेळणं घेणाऱ्या आईबापांना, मैत्रिणीसाठी पुस्तक शोधणाऱ्या मुलीला. हे पत्र मी मुद्दाम तुम्हाला लिहिते आहे. कर्मचाऱ्यांना, ग्राहकांना, देणगीदारांना द्यायच्या शेकडो भेटवस्तू तुमच्या एका सहीने ठरतात. एखाद्या छोट्या कारागिराचा अख्खा हंगाम त्या सहीने उभा राहतो किंवा कोलमडतो.

मी छोट्या धंद्यांचे हिशेब लिहिते. मेणबत्त्या बनवणारे, मातीची भांडी घडवणारे, वह्या बांधणारे, लाकडी खेळणी करणारे, फुलं आणि पुस्तकं विकणारे असे लोक माझ्याकडे आपली बिलं, चलनं आणि बँकेची स्टेटमेंटं घेऊन येतात. इतक्या वह्या पाहून माझं एक मत पक्कं झालं आहे. डिसेंबरात गिऱ्हाईक आलं नाही म्हणून बुडालेला धंदा मी क्वचित पाहिला. डिसेंबरात रात्रीचा दिवस करून माल पोचवला आणि फेब्रुवारीत भाडं द्यायला पैसे नाहीत, असे धंदे मात्र मी पुष्कळ पाहिले. त्यांच्याकडे काम होतं. ते उशिरा आलं आणि त्याचे पैसे त्याहून उशिरा आले.

घरच्या गिऱ्हाइकाकडून हा त्रास होत नाही. अमेरिकेत २०१० साली अमेरिकन एक्सप्रेस या कार्ड कंपनीने ‘स्मॉल बिझनेस सॅटर्डे’ सुरू केला. थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरातल्या सणानंतरच्या शनिवारी छोट्या दुकानांतून खरेदी करायची, अशी ती कल्पना. पुढच्याच वर्षी अध्यक्ष बराक ओबामा आपल्या मुलींना घेऊन वॉशिंग्टनमधल्या एका छोट्या पुस्तकांच्या दुकानात गेले. ब्रिटनने २०१३पासून डिसेंबरचा पहिला शनिवार त्यासाठी धरला. एका दिवसाने काय होतं, असं पुष्कळ जण विचारतात. मला त्या दिवसाचं मोल वाटतं आणि त्याचं कारण हिशेबाचं आहे: त्या शनिवारी आलेला माणूस वस्तू उचलतो आणि तिथल्या तिथे पैसे देतो. संध्याकाळी गल्ला मोजला की दुकानदाराला आपली परिस्थिती कळते. तुमची ऑर्डर त्या माणसाच्या खरेदीच्या शंभरपट मोठी असेल, पण ती त्याच्यासारखी वागत नाही.

आधी वेळेचं बोलते, कारण इथे नुकसान होतं आणि ते बाहेरून दिसत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कार्यालयातून फोन जातो, “दोनशे नग हवेत, वीस तारखेपर्यंत.” फोन करणाऱ्याला हे तीन आठवड्यांचं काम वाटत नाही, कारण वस्तू छोटी आहे. पण सुगंधी मेणबत्ती ओतली की लगेच विकायला तयार नसते. सोयाच्या मेणात सुगंध नीट मुरायला दोन आठवड्यांपर्यंत वेळ द्यावा लागतो. घाईत पॅक केली तर पेटवल्यावर वास येत नाही आणि तक्रार बनवणारीकडे जाते. मातीच्या कपाचं तर त्याहून अवघड. घडवल्यावर तो सावकाश पूर्ण वाळू द्यायचा, मग पहिली भाजणी, मग झिलई, मग दुसरी भाजणी. आत ओल राहिली आणि भट्टीत घातला, तर पाण्याची वाफ होऊन कप फुटतो आणि शेजारच्या चार कपांनाही घेऊन जातो. भट्टी एका वेळी भरेल तेवढीच भरते, आणि ती थंड व्हायलाही वेळ लागतो. माणसं वाढवून किंवा जागरणं करून हा वेळ कमी होत नाही.

अशी ऑर्डर नाकारण्याची हिंमत फार थोड्यांत असते. मग काय होतं ते मी वहीत पाहते. कच्चा माल ऐन हंगामात चढ्या भावाने घेतला जातो. कुरिअरवाले डिसेंबरात हंगामी जादा आकार लावतात, तो भरला जातो. मदतीला घेतलेल्या माणसाला रोजच्या रोज मजुरी द्यावी लागते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे दाराशी रोख पैसे घेऊन आलेल्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला परत पाठवलं जातं, कारण हात तुमच्या दोनशे नगांत अडकलेले असतात. तुम्हाला वाटतं आपण एका छोट्या व्यावसायिकाला मोठं काम दिलं. ते खरंच आहे. पण तेच काम ऑक्टोबरात दिलं असतं तर त्यातून त्याला कमाई झाली असती. डिसेंबरात दिल्याने कधी कधी फक्त उलाढाल होते.

म्हणून हे पत्र मी ऑक्टोबरात लिहिते आहे. तुमची यादी अजून पक्की नसेल, नगांचा आकडा दहा-वीसने मागेपुढे होईल, हरकत नाही. “साधारण एवढे लागतील, नक्की आकडा अमुक तारखेला सांगतो,” एवढं आज कळवलं तरी समोरचा माणूस मेण, माती, कागद वेळेत आणि वाजवी भावात आणू शकतो. आणि सगळी ऑर्डर एकाच्याच डोक्यावर टाकू नका. दोनशे नग एकाकडून घेण्यापेक्षा चौघांकडून पन्नास-पन्नास घ्या. तुम्हाला चार बिलं हाताळावी लागतील, तेवढा त्रास आहे. पण एकाची भट्टी बिघडली तर तुमची अख्खी भेट रखडणार नाही आणि त्या चौघांपैकी कुणाचाही हंगाम तुमच्या एकट्यावर अवलंबून राहणार नाही.

आता आगाऊ रकमेचं. भेटवस्तूवर तुमचं बोधचिन्ह छापून हवं असतं, ते समजण्यासारखं आहे. पण एकदा ते छापलं की ती वस्तू जगात फक्त तुमच्याच उपयोगाची राहते. तुम्ही ऑर्डर रद्द केली किंवा आकडा निम्म्यावर आणला तर उरलेला माल कुणाला विकायचा? माझ्या एका अशिलाकडे दुसऱ्याचं नाव कोरलेल्या वह्यांचे गठ्ठे कित्येक महिने पडून होते. वरचे पुठ्ठे काढून आतले कागद तरी वापरता येतील का, याचा हिशेब आम्ही दोघांनी बसून केला. शिलाई उसवण्याची मजुरीच कागदाच्या किमतीपेक्षा जास्त निघाली. त्या कार्यालयातल्या कुणाला हे कधी कळलंही नसेल, कारण त्यांच्या दृष्टीने एका ईमेलने विषय संपला होता. अशा छापील मालासाठी निम्मी रक्कम ऑर्डरीसोबत देणं हा उपकार नाही. त्या पैशांतून तुमचाच कच्चा माल येतो. ते दिले नाहीत तर तो माणूस तुमच्या भेटवस्तूंसाठी स्वतः व्याजाने पैसे काढतो.

आणि मग बिल. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण माझं काम हेच.

माल वीस डिसेंबरला पोचला, सगळ्यांना आवडला, फोटो निघाले. बिल मंजुरीसाठी गेलं. मंजुरी देणारे साहेब सुट्टीवर गेले. लेखा विभागाने वर्षअखेरीमुळे डिसेंबरमधलं शेवटचं पेमेंट आधीच सोडलेलं असतं, त्यामुळे हे बिल जानेवारीच्या यादीत जातं. जानेवारीत कळतं की बिलावर पर्चेस ऑर्डरचा, म्हणजे तुमच्या लेखी खरेदी आदेशाचा, नंबर नाही, नवीन बिल पाठवा. नवीन बिलावर नवीन तारीख येते, आणि मुदतीचे दिवस त्या तारखेपासून पुन्हा मोजले जातात. यात कुणाचाही वाईट हेतू नसतो, प्रत्येक जण आपापलं काम करत असतो. पण तिकडे मेणबत्त्या बनवणारीने मेणवाल्याचे पैसे द्यायचे असतात. जानेवारी हा तिचा सर्वांत मंदीचा महिना. ती दर सोमवारी फोन करते आणि प्रत्येक वेळी आधी माफी मागते, “त्रास देते, रागावू नका, पण ते बिलाचं...” स्वतःच्याच कष्टाचे पैसे मागताना माणसाला इतकं ओशाळं व्हावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

कायदे आहेत. युरोपीय संघाच्या २०११च्या निर्देशानुसार सरकारी खात्यांनी सर्वसाधारणपणे ३० दिवसांत पैसे द्यायचे. कंपन्यांमध्ये ६० दिवसांची मर्यादा धरली जाते आणि ती ओलांडायची तर दोघांनी तसं स्पष्ट ठरवलेलं असावं लागतं. उशीर झाला तर युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा किमान ८ टक्के जास्त व्याज आणि वसुलीचा खर्च म्हणून किमान ४० युरो मागता येतात. भारतात २००६चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा आहे. लेखी करार असेल तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. २०२३च्या वित्त कायद्याने आणखी एक पाऊल उचललं: ही मुदत चुकवली तर तो खर्च आयकरात प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजावटीला धरला जातो. नुसता माल घेऊन विकणाऱ्या दुकानदाराला या संरक्षणाचा लाभ मिळत नाही, तो उत्पादन करणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना मिळतो. पुस्तकांचं छोटं दुकान त्यामुळे उघड्यावरच राहतं.

तरी माझ्याकडे येणाऱ्यांपैकी व्याज मागायला जवळजवळ कुणी तयार होत नाही. मी आकडा काढून देते, ते कागद घडी घालून खिशात ठेवतात. व्याज मागितलं तर पुढच्या नाताळची ऑर्डर जाईल, ही भीती कायद्यापेक्षा मोठी ठरते. त्यामुळे हे कायद्यावर सोडून चालणार नाही, ते तुमच्याकडूनच व्हायला हवं. हे अवघडही नाही. डिसेंबरमधलं शेवटचं पेमेंट कोणत्या तारखेला सुटणार, हे तुमच्या लेखा विभागाला आजच विचारा. माल त्याच्या आठवडाभर आधी मागवा. पर्चेस ऑर्डरचा नंबर, बिलावर कुणाचं नाव हवं, कोणता कर क्रमांक हवा, हे सगळं ऑर्डर देतानाच लिहून द्या. मोठ्या पुरवठादाराकडे हे पाहायला वेगळा माणूस असतो. छोट्याकडे तो माणूस म्हणजे रात्री अकरा वाजता मेणाने माखलेल्या हातांनी बिल टाइप करणारी तीच बाई.

सवलतीबद्दलही बोलायला हवं. एवढे नग घेतोय, वीस टक्के कमी करा, असं तुम्ही सहज म्हणता. मोठ्या कारखान्यात नग वाढले की प्रत्येक नगाचा खर्च उतरतो, तिथे हे ठीक आहे. हाताने केलेल्या वस्तूत दोनशेवा नग करायला पहिल्याइतकाच वेळ लागतो. समजा एक वस्तू शंभराला विकली. साठ कच्च्या मालात आणि मजुरीत गेले, तीस जागेचं भाडं, वीज, पॅकिंग आणि कर्जाच्या हप्त्यात. हातात उरले दहा. वीस टक्के सवलत दिली की ते दहा गेले आणि वर खिशातले दहा गेले. दोनशे नगांवर तो तोटा दोनशे वेळा होतो. बजेट खरंच कमी असेल तर तसं मोकळेपणाने सांगा आणि त्यात काय बसेल ते विचारा. आकार लहान करता येईल, डबा साधा करता येईल, नग कमी करता येतील. कारागिराला आपला खर्च कुठे कमी होतो हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

फॉर्मांचंही तसंच. पन्नास मेणबत्त्यांसाठी तीन वर्षांचे ताळेबंद आणि उलाढालीची अट मागणं अनावश्यक आहे. हे नियम यंत्रसामग्रीच्या खरेदीसाठी केलेले असतात आणि तेच भेटवस्तूंना लावले जातात. अमुक रकमेच्या आतल्या खरेदीसाठी एक पानी फॉर्म करणं तुमच्या हातात आहे. शक्य असेल तर त्यांच्याशी थेट संपर्क साधा. एट्सीसारख्या, हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या ऑनलाइन बाजारमंचावर विक्रीमागे ६.५ टक्के शुल्क कापलं जातं. २०२२पर्यंत ते ५ टक्के होतं. शिवाय वस्तू मांडण्याचे, पेमेंटचे आणि काही वेळा जाहिरातीचे पैसे वेगळे. मंचावर बोलणी सुरू करून सौदा बाहेर करणं तिथल्या नियमांविरुद्ध आहे आणि त्याने विक्रेत्याचंच खातं अडचणीत येतं, म्हणून तसं करू नका. पुष्कळ जणांचं स्वतःचं संकेतस्थळ किंवा दुकान असतं. पहिला फोन तिथेच करा.

तुमच्या वरिष्ठांना हे पटवून द्यायचं असेल तर एक आकडा उपयोगी पडेल. २००४ साली शिकागोच्या अँडरसनव्हिल भागात सिव्हिक इकॉनॉमिक्स या संस्थेने दहा स्थानिक व्यवसायांचा अभ्यास केला. स्थानिक व्यवसायात खर्च झालेल्या दर १०० डॉलरांपैकी ६८ डॉलर शिकागोच्या अर्थव्यवस्थेत राहिले, साखळी दुकानांच्या बाबतीत ४३. अभ्यास एका भागाचा, दहाच व्यवसायांचा, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा सगळीकडे लावू नये. पण त्यामागचं कारण मला रोज वहीत दिसतं. छोटा धंदा आपली पत्रकं जवळच्या छापखान्यातून छापतो, दुरुस्तीला जवळचा माणूस बोलावतो, नफा झाला तर तो तिथेच राहणाऱ्या कुटुंबात खर्च होतो. हिशेबही तो जवळच्याच माणसाकडून लिहून घेतो. माझी फी त्याच पैशांतून येते, हे तुम्हाला सांगायला हवं. माझाही यात स्वार्थ आहे.

ज्यांना वस्तू निवडणं जमत नाही, त्यांनी कर्मचाऱ्यांना छोट्या दुकानांची भेटकुपनं द्यावीत. पुस्तकाचं दुकान, फुलवाला, सायकल दुरुस्त करणारा, कुणाचंही चालेल. कुपनाचे पैसे डिसेंबरात रोख मिळतात आणि माणसं ती बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत वापरायला येतात, जेव्हा दुकानात शुकशुकाट असतो. दुकानदारांसाठी एक सूचना करते. कुपनाचे पैसे गल्ल्यात आले तरी हिशेबात ते तुमचं देणं आहे. ते वेगळे ठेवा, नाहीतर फेब्रुवारीत माल द्यावा लागेल आणि तो भरायला पैसे नसतील.

आणखी एक. कुणाची कीव करून माल घेऊ नका. कप वाकडा असेल, छपाई पुसट असेल तर स्पष्ट सांगा आणि बदलून मागा. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही. फक्त ते माल हातात पडल्यावर दोन दिवसांत सांगा. बिलाचा तगादा सुरू झाल्यावर दोष आठवू नयेत. ज्यांचं काम आवडलं त्यांना पुढच्या वर्षी पुन्हा बोलवा. दुसऱ्या वर्षी तीच ऑर्डर आली की माणूस कच्चा माल एकदम घेतो, मदतनीस आधीपासून ठरवतो, बँकेत कर्जासाठी जाताना तुमची जुनी पर्चेस ऑर्डर दाखवतो. बँकेचा अधिकारी ती वाचताना मी समोर बसले आहे. तुमच्या कार्यालयाच्या नावाचा तिथे किती उपयोग होतो, याची तुम्हाला कल्पना नसेल.

तर या आठवड्यात दोन फोन करा. एक ज्यांच्याकडून काही घ्यायचं मनात आहे त्यांना, अंदाजे आकडा सांगायला. दुसरा तुमच्या लेखा विभागाला, डिसेंबरमधल्या शेवटच्या पेमेंटची तारीख विचारायला. त्या दुसऱ्या फोनवर असतानाच गेल्या नाताळचं एखादं बिल अजून कुठल्या फाइलीत अडकलं आहे का, हेही पाहायला सांगा. असेल, तर नवी ऑर्डर देण्याआधी ते व्याजासकट चुकतं करा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
छोट्या धंद्यांचे हिशेब लिहिणारी एक हिशेबनीस